उलटं फिरलेलं हँडल

त्या शेडवर कितीतरी वर्षं एक पाटी होती: ‘बाप-लेक मोटर दुरुस्ती’. लेक हा शब्द मोठा सोयीचा. मुलगाही लेक आणि मुलगीही लेक. पाटी रंगवून घेताना म्हाताऱ्याच्या मनात नेमकं कोण होतं हे त्याने कधी सांगितलं नाही. पण पाटीखाली रोज ग्रीसने माखलेल्या हातांनी उभी असायची ती मुलगी, आणि तिने तो शब्द आपलाच धरला होता. धाकटा भाऊ तेव्हा लांब पल्ल्याचे ट्रक चालवत होता. कधीमधी तोंड दाखवायला यायचा, जेवायचा, झोपायचा, जायचा.

मग धाकट्याने ट्रक सोडला, लग्न केलं, समोरच्या गल्लीत खोली घेतली आणि शेडमध्ये येऊन बसला. बसला म्हणजे खरंच बसला. शेडमध्ये एकच धड खुर्ची होती, ती त्याने धरली. थोड्याच दिवसांत पेंटर आला आणि पाटीवर झोकदार अक्षरं उमटली: ‘पिता-पुत्र मोटर दुरुस्ती’. ती गॅस्केट आणायला गेली होती. परत आली, पाटी वाचली. शिडी लावली, इंजिनाची काजळी खरवडायची पट्टी घेतली आणि भर दुपारी, सगळा रस्ता बघत असताना, ‘पुत्र’ खरवडून काढला.

“शिडी ओढीन हं!” धाकटा खालून ओरडला.

“ओढ. पडले तर तुझ्याच डोक्यावर पडेन.”

शिडी कुणी ओढली नाही. पाटीवर ‘पिता- मोटर दुरुस्ती’ एवढंच उरलं, आणि बहीण-भावाचं बोलणं बंद झालं ते झालंच.

तिला सगळी गल्ली ताई म्हणायची. ताई काही गोड बाई नव्हती. तिच्या नाकावर माशी बसली तर माशीनेच माफी मागावी, असं शेजारचा टायरवाला म्हणायचा. लग्न केलं नव्हतं. स्थळं आली, पण पहिल्याच भेटीत ती मुलाला ‘गाडी कोणती?’ असं विचारायची आणि उत्तर आवडलं नाही तर चहा न संपवता उठायची. गिऱ्हाइकांशीही तेच. “इंजिन बिघडलं नाही, तुम्ही बिघडवलंत,” हे वाक्य ऐकल्याशिवाय तिच्या हातून गाडी परत मिळायची नाही. तरी लोक यायचे, कारण तिने लावलेली गाडी दुसऱ्या दिवशी परत यावी लागत नसे.

आता, एकाच शेडमध्ये दोघं काम करणार आणि बोलणार नाहीत, तर काम चालायचं कसं? ते चालायचं बाबांमार्फत. म्हातारा दाराजवळच्या स्टुलावर बसलेला असायचा. आयुष्यभर उघड्या इंजिनांवर डोकं वाकवून त्याचे दोन्ही कान गेलेले. मोठ्याने ओरडलं तर काहीतरी हललं एवढंच कळायचं. गाडी नीट चालतेय का हे तो मडगार्डवर तळहात ठेवून ओळखायचा. अशा ठार बहिऱ्या माणसाला मधे घालून ही दोघं भांडायची.

“बाबा, सांगा त्याला, तेरा नंबरचा पाना जागेवर ठेवत जा म्हणावं.”

“बाबा, तिला सांगा, पाना काय तिच्या माहेरून आलाय?”

“बाबा, त्याला सांगा, हेच माझं माहेर आहे.”

म्हातारा दोघांकडे आळीपाळीने बघायचा आणि मान हलवायचा. त्या मान हलवण्यावर दोघंही आपापला विजय लिहून घेत.

सगळ्यात मोठं रण पेटायचं टायमिंगवरून. पेट्रोलच्या जुन्या इंजिनात प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते यावर सगळा खेळ असतो. पिस्टन वर येतो, टोकाला पोचायच्या जरा आधी ठिणगी पडते, आणि भडक्याचा सगळा जोर त्याला खाली रेटायला मिळतो. ठिणगी उशिरा पडली तर गाडी सुस्तावते. फार लवकर पडली तर पिस्टन अजून वर चढतोय तोच वरून दणका बसतो आणि इंजिन खडखडायला लागतं. ही वेळ बदलायला फार काही करावं लागत नाही. प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा एक बोल्ट सैल करायचा आणि तो डबा केसभर इकडे किंवा तिकडे फिरवायचा. त्या केसभरावरून घर फुटायची वेळ आली होती.

ताईची पद्धत बापाची. आधी पॉइंटमधली, म्हणजे डब्यातल्या उघडझाप करणाऱ्या दोन टोकांमधली, फट पातळ पट्टीने मोजायची. मग हँडलने इंजिन हळूहळू फिरवून पुलीवरची खूण काट्यासमोर आणायची. एक छोटा बल्ब तारांनी जोडायचा आणि डिस्ट्रिब्युटर फिरवत राहायचं. बल्ब पेटला त्या क्षणी थांबायचं आणि बोल्ट आवळायचा. बल्ब पेटला म्हणजे ठिणगी तिथेच पडणार, यात वादाला जागा नाही.

धाकट्याला बल्बबिल्ब मान्य नव्हतं. तो गाडी चढावर न्यायचा, कान द्यायचा, खाली उतरून बोल्ट सैल करायचा आणि डबा थोडा पुढे सरकवायचा, म्हणजे ठिणगी आणखी लवकर पडेल. “गाडी रस्त्यावर चालते, पुलीवर नाही,” असं तो बाबांना सांगायचा. आणि खरं बोलायचं तर तो अगदीच चुकत नव्हता. कधी कधी त्याने सरकवलेली गाडी खरंच जास्त चांगली ओढायची. ताईला हे कळायचं. म्हणूनच तर तिचा जळफळाट व्हायचा. ती सकाळी लावायची, तो दुपारी हलवायचा, ती संध्याकाळी परत जागेवर आणायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय मेहनत घेतात बिचारी गाडीवर!

अशात फोटोवाल्याची गाडी आली.

फोटोवाल्याचा स्टुडिओ चौकात होता आणि गाडी त्याच्या सासऱ्याची, सासऱ्याहून कटकटी. तिचा सेल्फ, म्हणजे चावी फिरवताच इंजिन फिरवणारी मोटर, जळला होता, तो बांधायला टाकलेला, त्यामुळे गाडी सुरू करायची तर पुढून हँडल मारूनच. आला तोच तक्रार घेऊन. “चढावर दम टाकते हो. मागून सायकलवाला घंटी वाजवतो, लाज वाटते.”

“गाडीत एवढं सामान कोंबून ठेवता, दम नाही टाकणार तर काय करेल?” ताई म्हणाली. “फोटो काढता की घरं बदलून देता?”

पण काम तिने मन लावून केलं. पॉइंट घासले, फट मोजली, बल्ब लावला, टायमिंग खुणेवर आणलं, बोल्ट आवळला. हँडल मारून गाडी चालू करून बघितली. म्हाताऱ्याने मडगार्डवर हात ठेवला आणि मान डोलावली. गाडी बंद करून ताई प्लगच्या वायरी आणायला बाजारात गेली.

ती परत आली तेव्हा फोटोवाला शेडमध्ये उभा होता आणि धाकटा त्याच्याशी हसून बोलत होता. “आता बघा. चढावर सायकलवाल्याला तुम्हीच घंटी वाजवाल.” बॉनेट उघडं होतं. ताईची नजर सरळ डिस्ट्रिब्युटरवर गेली. बोल्टच्या डोक्यावरचं तेल पुसलं गेलं होतं, पाना नुकताच फिरल्याची चकाकी होती, आणि डबा सरकला होता. केसभर नाही, चांगला बोटभर. एवढा पुढे त्याने आधी कधी नेला नव्हता. गिऱ्हाइकासमोर मोठेपणा दाखवायचा होता ना!

आणि धाकट्याने हँडल उचललं.

हँडलच्या गाडीत टायमिंग फार पुढे गेलं तर काय होतं, हे त्या शेडमधल्या भिंतींनाही ठाऊक होतं. पिस्टन वर पोचायच्या फार आधीच भडका उडतो, त्याला मागे ढकलतो आणि हँडल उलटं फिरतं. म्हणून हँडल धरताना अंगठा दांड्याभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे उलटलं तरी हातातून सुटून जातं. बापाने दोघांनाही पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, दुसरं काही शिकवायच्या आधी. पण ट्रकवर इतकी वर्षं सेल्फची सवय झालेला धाकटा घाईत मूठ वळायचा.

ताईने वायरी बाकावर ठेवल्या. धाकटा वाकला होता. ती बापाकडे तोंड करून, शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाबा, सांगा कुणाला तरी, हँडल मारताना अंगठा बाहेर ठेवावा. लहान मुलंसुद्धा ठेवतात.”

म्हाताऱ्याला काही ऐकू आलं नाही. धाकट्याला स्वच्छ ऐकू आलं. त्याने मान वर केली, फोटोवाल्याकडे बघून हसला, आणि मुद्दाम, एकेक बोट मोजून दाखवावं तसं, दांड्याभोवती मूठ वळली. अंगठा वरून गुंडाळला. ताई बघत राहिली.

त्याने हँडल ओढलं. इंजिनाने एकच धक्का दिला. आवाज फार मोठा नव्हता, वाळकी काटकी पायाखाली मोडावी तेवढाच. हँडल जमिनीवर पडून खणखणलं आणि धाकटा मनगट पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला. सगळ्यात आधी बोलला तो फोटोवाला. “अहो, माझी गाडी!” असं काहीतरी तो म्हणाला आणि मग स्वतःच ओशाळला.

हाड मोडलं होतं. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला आणि पट्ट्याने गळ्यात अडकवला गेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात धाकट्याची बायको, वहिनी, ताईवर धावून आली.

“तुम्हीच केलंत हे!”

“मी? मी तर सांगितलं त्याला. फोटोवाल्याला विचार. अख्ख्या शेडने ऐकलंय.”

“कुणाला सांगितलंत? बहिऱ्याला! तुम्ही सांगितलं की हे उलटंच करतात, ते तुम्हाला माहीत नव्हतं? लहानपणापासून ओळखता ना त्यांना? विहिरीत उडी मारू नकोस म्हणाला असतात तर आज विहिरीतून काढत बसलो असतो आपण!”

“मग त्याच्या मूर्खपणाचा पट्टाही मीच गळ्यात घालू?”

“घाला. शोभेल.”

परिचारिकेने दोघींना बाहेर काढलं. ताई पायरीवर उभी राहिली. सांगितलं होतं हे खरं. त्याने ऐकलं हेही खरं. पण वहिनी म्हणाली तेही खोटं नव्हतं.

फोटोवाल्याची गाडी शेडमध्ये तशीच पडून होती आणि तो रोज येऊन उभा राहत होता. ताईने एका दुपारी काम काढलंच. एकटीने होण्यासारखं होतं, पण हँडल जरा जरा फिरवायचं, उठून बल्ब बघायचा, परत वाकायचं, यात जीव जात होता. तेवढ्यात प्लास्टर गळ्यात अडकवून धाकटा आला. सरळ बॉनेटपाशी गेला आणि डाव्या हाताने डिस्ट्रिब्युटर धरला. ‘माझं काम मी निस्तरीन, तू नको,’ असा त्याचा आविर्भाव. ताईलाही माघार घ्यायची नव्हती. ती हँडलपाशी वाकली. इंजिन हळूहळू फिरवून तिने खूण काट्यासमोर आणली आणि बोट वर केलं. त्याने डबा फिरवला. बल्ब पेटला. डाव्या हाताने पाना लावून, दात-ओठ खात त्याने बोल्ट आवळला. मग बाजूला झाला आणि मानेनेच हँडलकडे खूण केली: मार.

ताई हँडल धरून तशीच थांबली.

आता मारायचं होतं तिला, आणि टायमिंग लावलं होतं त्याने. बोल्ट आवळताना डबा किंचित हलवणं काही अवघड नव्हतं. तिने स्वतः पाहिलं नव्हतं, तिचं डोकं खाली होतं. बघायचं तर इंजिन पुन्हा खुणेपर्यंत फिरवून बल्ब कुठे पेटतो ते तपासावं लागणार. म्हणजे फोटोवाल्यासमोर, बापासमोर उघड म्हणायचं की माझा सख्खा भाऊ माझा हात मोडायला बसलाय. न तपासता मारायचं, तर अंगठा बाहेर ठेवूनही हिसका बसायचा तो बसतोच.

तिने तपासलं. सावकाश, कुणाचीही भीड न ठेवता. इंजिन फिरवत आणलं. खूण काट्यावर आली आणि बल्ब तिथेच पेटला. एक केस इकडे नाही, एक केस तिकडे नाही. तिने स्वतः लावलं असतं तर याहून चांगलं झालं नसतं.

धाकट्याचा चेहरा लालबुंद झाला. पाटीच्या दिवसापासून आज पहिल्यांदा तो सरळ तिच्याशी बोलला.

“एवढाही भरवसा नाही?”

“नाही.”

“मी तुझा हात मोडला असता?”

“मला काय माहीत?” ताई म्हणाली. “माहीत नव्हतं म्हणून तर बघितलं.”

“तुझं मन कुजलंय.”

“कुजलंय तर कुजलंय. हात शाबूत आहे.”

फोटोवाला भिंतीवरचं जुनं कॅलेंडर वाचू लागला. ताईने हँडल मारलं. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली, आणि इतकी गुळगुळीत चालली की म्हाताऱ्याने मडगार्डवरचा हात बराच वेळ काढला नाही. धाकटा मात्र तोवर रस्ता ओलांडून गेला होता.

गाडी गेली. ताई रॉकेलमध्ये हात धूत होती. बाप स्टुलावरून उठला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. बहिरा झाल्यापासून तो फारच कमी बोलायचा, आणि बोलला की आवाज कुठे ठेवावा ते त्याला कळायचं नाही. त्या दिवशी तो नको तेवढ्या मोठ्याने बोलला. शेजारचा टायरवालाही थांबला.

“त्या दिवशी तू त्याच्या अंगठ्याकडे बघत होतीस.”

ताईने हातवारे करून, ओठ ठळक हलवून सांगितलं, “मी सांगितलं होतं, बाबा. सगळ्यांनी ऐकलं.”

“मला नाही ऐकू येत. मी बघत होतो.” म्हाताऱ्याने स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं. “ज्याला खरंच सांगायचं असतं तो माणसाच्या तोंडाकडे बघतो. तू अंगठ्याकडे बघत होतीस. तो आत जातो का बाहेर राहतो.”

तिने हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिली.

माफी तिने मागितली नाही. मागितली असती तर धाकट्याने ती तोंडावर फेकली असती, हेही तितकंच खरं. पण त्या शेडमध्ये तिचं काम होईना. बल्ब लावला की स्टुलावरून बाप बघतोय असं वाटायचं, आणि तो बघतच असायचा. थोड्याच दिवसांत तिने आपली हत्यारं एका पोत्यात भरली आणि गावाबाहेरच्या जनरेटर दुरुस्तीच्या कारखान्यात काम धरलं. जाताना तिला वाटलं होतं बाप थांबवेल. बापाने पोत्याचं तोंड नीट बांधून दिलं.

कारखान्यात तिचं बस्तान बसलं. तिथला मुकादम तिच्याइतकाच खवट होता, त्यामुळे दोघांचं छान जमलं. दिवसभर एकमेकांना शिव्या घालायचे आणि डबा एकाच बाकावर बसून खायचे. धाकट्याचं मनगट सांधलं, पण वाकडं. हँडल सोडाच, गच्च बोल्टही त्याला सोडवता येईना. त्याने हळूहळू जुन्या गाड्या घेणं बंद केलं आणि बॅटऱ्या विकायला लागला. धंदा बरा चालला. वहिनी बाजारात ताई दिसली की रस्ता बदलायची, आणि ताई तिला बदलू द्यायची.

बाप शेवटपर्यंत धाकट्याकडेच राहिला. ताई सुट्टीच्या दिवशी जायची. वहिनी आतून कप आणून दाणकन टेबलावर ठेवायची. बाप आणि लेक समोरासमोर बसून चहा प्यायची. तो विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही. तिनेही नाही. एकदा मात्र निघताना त्याने तिचा उजवा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला, जसा दुरुस्तीला आलेला सुटा भाग बघावा तसा, आणि सोडून दिला.

बाप गेला त्या दिवशी माणसं पांगल्यावर दोघं ओट्यावर बसली होती, मधे चार माणसं मावतील एवढं अंतर. धाकटा डाव्या हाताने मनगट चोळत होता. ताईने बराच वेळ बघितलं. शेवटी विचारलं, “दुखतं अजून?”

“तुला काय करायचंय?”

ती उठली, चपला घातल्या आणि बस पकडायला निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कामावर जायचं होतं.